दोरीला लागलेला हात

४ मार्च

ती. मामांना,

नमस्कार. पेपरातला फोटो पाहिलात ना? डावीकडून तिसरी, जिच्या पुढ्यातला माइक थेट कपाळाला लागतोय, ती मी. माइक खाली करायला एक जण धावत आला, तर मी म्हटलं, राहू दे, मी टाचा वर करते, मला सवय आहे. सगळं सभागृह हसलं. मामा, तुमची भाची कालपासून परिवहन मंत्री आहे! ज्या खात्याने मला गणवेशाच्या बाह्या दोनदा कापून घ्यायला लावल्या, ते अख्खं खातं आता माझ्या हाताखाली आलंय.

बंगला मिळालाय. अकरा दारं आहेत. पहिल्या सकाळी चहा मागितला तर चौघे उठले आणि चहा अर्ध्या तासाने आला, कारण प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने सांगितलं असेल. गालिचा एवढा जाड की आपणच चालतोय याची खात्री वाटत नाही. इथे सगळे कानाशी येऊन बोलतात. मी बोलले की दारावरचा शिपाई दचकतो. "पुढे सरका, मध्ये जागा आहे" असं ओरडून ओरडून कमावलेला आवाज आहे माझा, तो काही गालिच्यात मुरायचा नाही.

पत्रकारांनी विचारलं, सात वर्षांत इथवर कशा आलात? मी म्हटलं, मामामुळे. आईचा चुलतभाऊ, सतरा नंबरच्या बसचा ड्रायव्हर. मी त्याच बसवर कंडक्टर, नोकरीला जेमतेम चार महिने झालेले, कायम व्हायची होते. एक दिवस मामाने बेल न ऐकताच गाडी हलवली आणि पायरीवरच्या एक शिक्षिकाबाई खाली पडल्या. मांडीचं हाड मोडलं. चौकशीत मामाने आढेवेढे न घेता सांगितलं, बेल झाली नव्हती, चूक माझी. वीस वर्षं बिनतक्रार गाडी चालवणारा माणूस, आणि खात्याने त्याला घरी बसवलं! मग मी डेपोच्या फाटकात एका जुन्या टायरवर चढले आणि म्हणाले, "खरं बोलणाऱ्याला घरी बसवाल, तर उद्यापासून इथे कुणी खरं बोलणार नाही!" तीन दिवस एक बस हलली नाही. चौथ्या दिवशी मामा कामावर आणि मी युनियनची चिटणीस. मग नगरसेवक, मग आमदार, आणि आता ही अकरा दारं. पत्रकार लिहून घेताना मान डोलवत होते.

पहिलं कामही जाहीर करून टाकलंय. दारात माणूस असताना गाडी हलली आणि कुणी जखमी झालं, तर दोषी घरी. सबब चालणार नाही. अशी प्रत्येक फाईल माझ्या टेबलावर येईल आणि सही मी करेन. बघाच तुम्ही आता!

मामींना सांगा, इथल्या गादीने माझी पाठ धरलीय.

तुमचं
अर्धं तिकीट


११ मार्च

चि. अर्धं तिकीट हिस,

अनेक आशीर्वाद. मंत्री झालीस म्हणून तुला पूर्ण तिकीट म्हणणार नाही. डेपोने उंची बघून ठेवलेलं नाव आहे, ते शपथ घेऊन वाढत नाही.

तुझा फोटो कॅन्टीनच्या भिंतीवर लागलाय. मामी तो बघायला म्हणून आयुष्यात पहिल्यांदा डेपोत आली आणि जाताना कॅन्टीनवाल्याला चहा कसा करतात ते शिकवून गेली. मी दिवसभर उगाच छाती काढून फिरतोय. प्रवासीसुद्धा विचारतात, मंत्रीबाईंचे मामा ते तुम्हीच का? मी म्हणतो, हो, पण तिकीट तुम्हाला काढावंच लागेल.

आता एक काम. मंत्र्याच्या मामाला काम नसेल तर लोकांना संशय येतो.

आमच्याकडे चार महिन्यांपूर्वी एक कंडक्टर लागली. आधी घरी शिवणकाम करायची, म्हणून तिला सगळे शिवणबाई म्हणतात. नवरा नाही, दोन मुली आहेत. कामाला चोख. गेल्या महिन्यात तिच्या बसमधून एक गृहस्थ भाजीची टोपली घेऊन उतरत होते, गाडी हलली आणि ते पडले. मनगट मोडलं. ड्रायव्हर म्हणतो, मला दोन बेल ऐकू आल्या. शिवणबाई म्हणते, मी बेल दिलीच नाही. आमचा मॅनेजर, म्हणजे तो भोपळा, त्याने काही न विचारता तिला घरी पाठवायची फाईल करून तुझ्याकडे धाडलीय.

ती फाईल थांबव. ती बाई खरं बोलतेय.

तू म्हणशील, मामा, तुम्ही त्या बसमध्ये होता का? नव्हतो. तरी सांगतोय. एवढ्यावर ऐक.

मामाचे आशीर्वाद


२५ मार्च

प्रति,
श्री. चालक, बस क्र. १७

महोदय,

आपले दि. ११ मार्चचे पत्र मा. मंत्री महोदयांच्या कार्यालयास प्राप्त झाले. पत्रातील मजकुराची नोंद घेण्यात आली असून सदर पत्र पुढील उचित कार्यवाहीसाठी संबंधित डेपो व्यवस्थापक यांच्याकडे वर्ग करण्यात आले आहे.

आपला विश्वासू,
स्वीय सचिव


२ एप्रिल

चि. अर्धं तिकीट,

तुझ्या स्वीय सचिवाला माझा नमस्कार सांग. असा कामाचा माणूस मी पाहिला नाही. त्याने माझं घरचं पत्र उचलून, वर शिक्का मारून, भोपळ्याच्या टेबलावर पाठवलं. भोपळ्याने मला केबिनमध्ये बोलावलं, चष्मा लावला आणि "तो भोपळा" या शब्दांवर बोट ठेवून विचारलं, हा कोण? मी म्हटलं, साहेब, कार्यवाही तुमच्याकडे आहे, तुम्हीच शोधा.

तेव्हापासून मला रोज गळक्या खिडकीची बस मिळते. ते चालेल. पण पत्र तुझ्या हातात पडलंच नाही असं दिसतंय, म्हणून हे मामीच्या अक्षरात पत्ता लिहून, पाकिटावर "खासगी, बायकांचं" असं लिहून पाठवतोय. आता बघू कुणाची उघडायची छाती होते.

शिवणबाईची फाईल थांबव. ती रोज डेपोत येते आणि फाटकापाशी उभी राहते. आत यायची परवानगी नाही.

मामा


९ एप्रिल

ती. मामांना,

हसून हसून पोट दुखलं. सचिवांना बोलावून तुमचं पत्र मोठ्याने वाचायला लावलं. "भोपळा" आला तेव्हा त्यांचे कान लाल झाले. माफ करा हं. यापुढे तुमचं पत्र थेट माझ्याच हातात येईल.

पण मामा, फाईल मी वाचलीय, अगदी शब्द न् शब्द. ड्रायव्हर म्हणतो दोन बेल ऐकल्या. गाडीत पुढे बसलेल्या दोघांनीही बेल ऐकली. बाई म्हणते मी दिली नाही. मग काय भुताने दिली? तुम्हाला तिची दया येते, दोन मुली आहेत म्हटल्यावर मलाही येते. पण ती खोटं बोलतेय आणि एकदा खोट्याला पोटाशी धरलं की माझं भाषण, माझा नियम, सगळंच पोकळ ठरेल.

तुम्ही पडती बाजू असूनही खरं बोललात. मी लढले ते त्या खरेपणासाठी. तुमच्यासारखी ती एकदा म्हणाली असती ना, की हो, माझा हात गेला, तर मी स्वतः तिला वाचवलं असतं.

येत्या वीस तारखेला सही करतेय. पत्रकार येणार आहेत. पहिलीच कारवाई आहे, ठणठणीत व्हायला हवी.

रागावू नका. मामींना सांगा, "बायकांचं" हे फार आवडलं.

अर्धं तिकीट


१२ एप्रिल

चि. सौ. की कु. ते तुझं तू बघ, मला आज मस्करी सुचत नाही.

हे पत्र वाचायला बसशील तेव्हा दार लावून घे. अकराच्या अकरा लाव.

शिक्षिकाबाई पडल्या त्या दिवशी मी बेल ऐकली होती. दोन. स्पष्ट. माझ्या कानाशी वाजतात त्या, मागे गर्दीत तुम्हाला ऐकू येत नाहीत. दोन म्हणजे निघा. मी निघालो. किंचाळी ऐकली, ब्रेक मारला आणि आरशात बघितलं. तू मागच्या दाराशी वाकलेली होतीस. शिक्षिकाबाई खाली उतरत होत्या आणि त्यांची ट्रंक तू एका हाताने पुढे देत होतीस. दुसरा हात वर होता, टाचा उचललेल्या, पकडायचा दांडा तुला पुरत नव्हता म्हणून दांड्याशेजारून जाणारी बेलची दोरी मुठीत होती. ट्रंक जड. उचलताना दोरी एकदा ओढली गेली, हात सुटला, पुन्हा पकडली, दुसऱ्यांदा ओढली गेली. तुला ठाऊकसुद्धा नव्हतं. तुझ्या लेखी तू आधाराला धरलं होतंस.

चौकशीत मी तोंड उघडून दोन बेल म्हटलं असतं, तर तू त्याच दुपारी घरी गेली असतीस. चार महिन्यांची नोकरी, कुणी विचारलंही नसतं. मी कायम होतो, मला काढताना त्यांना दहा कागद करावे लागले असते. म्हणून म्हटलं, बेल नव्हती. तुला सांगितलं नाही, कारण तुझा चेहरा लपवू शकत नाही काही. मग तू टायरवर चढलीस. तुला उतरवून कसं सांगणार होतो, की अगं, मी खरं बोललोच नाही?

पुढे पुढे मला ते आवडायलाही लागलं. प्रत्येक सभेत तू मला व्यासपीठावर बसवलंस, हा बघा खरं बोलणारा माणूस म्हणून हार घातलास. मी मान खाली घालायचो, लोकांना वाटायचं विनय आहे.

आणि आता याहून वाईट. मी माझ्या बसमधली दोरी तारेने वर बांधून घेतली. माझ्यापुरती. खात्यात एक ओळ लिहून द्यायला हवी होती की दोरी दांड्याला फार जवळ आहे, हात पडतो. लिहिली नाही, कारण लिहिलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, तुला कसं कळलं? त्या भाजीवाल्या गृहस्थांचं मनगट माझ्या गप्प बसण्याने मोडलंय.

शिवणबाई खोटं बोलत नाहीये. तिचाही हात त्या दोरीवर पडला असणार, तिला ठाऊकच नाही. तुला तरी कुठे होतं?

वीस तारखेला सही करायची तर कर. पण समजून कर.

मामा


३० एप्रिल

ती. मामांना,

अठरा दिवस पत्र नाही लिहिलं. पहिले दोन दिवस मी तुमच्यावर नुसती चिडत होते. माझी अख्खी वाटचाल तुम्ही मला न सांगता खांद्यावर उचलून धरली होतीत! मी स्वतःच्या पायांवर आले असं सगळ्या जगाला सांगत सुटले होते. तिसऱ्या दिवशी एका जुन्या बसमध्ये जाऊन उभी राहिले. रिकामी होती. टाचा वर केल्या, हात वर नेला. मामा, बोटं आपोआप दोरीवर गेली.

मग रडले. ड्रायव्हरच्या सीटवर बसून रडले, मस्त मोठ्याने, इथे घरी रडायचीही चोरी आहे.

वीस तारखेला पत्रकार आले. मी सही केली नाही. दुसऱ्या दिवशी सभागृहात उभी राहिले आणि सगळं सांगितलं. त्या शिक्षिकाबाई माझ्या हाताने पडल्या, माझ्या मामाने खापर स्वतःवर फोडून घेतलं, आणि त्या मोडलेल्या हाडावर मी इथवर चढले. विरोधकांनी राजीनामा मागायचा तर तेही विसरले! मग मागच्या बाकावरून कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळं सभागृह उठून उभं राहिलं.

सगळ्या जुन्या बसमधल्या दोऱ्या हलवायचा हुकूम त्याच दुपारी काढला. तुमच्या सेवापुस्तकातला दोषाचा शेरा खोडायचाही. शिक्षिकाबाईंकडे गेले, पाया पडले. त्या म्हणाल्या, "सात वर्षं मी चुकीच्या माणसाला शिव्या दिल्या, आता नव्याने सुरुवात करावी लागेल." आणि मग स्वतःच हसल्या.

आता खरी बातमी. काल थोरल्या साहेबांनी, म्हणजे मुख्यमंत्र्यांनी, बोलावलं. मला वाटलं, नारळ. ते म्हणाले, "बाई, लोक तुम्हाला डोक्यावर घेतायत. तुम्ही गृहखातं घ्या." मामा, गृहखातं! आमच्या पक्षात तीस तीस वर्षं चपला झिजवलेले त्या खुर्चीकडे बघत बसलेत. दारांची संख्या आता विचारू नका.

तुम्ही रागावला नाहीत ना? मला तुमचा अभिमान आहे, आणि आता तो खरा आहे.

अर्धं तिकीट


१८ मे

चि. अर्धं तिकीट,

अनेक आशीर्वाद. गृहमंत्री झाल्याबद्दल डेपोत पेढे वाटले. माझा शेरा खोडला, त्याचा समारंभ झाला. भोपळ्याने माझ्या गळ्यात हार घातला आणि कानात म्हणाला, मी विसरलेलो नाही. म्हणजे गळकी खिडकी कायम.

मी रागावलेलो नाही. तुझं सभागृहातलं भाषण पेपरात पूर्ण छापून आलं ते मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा डोळ्यांना पाणी आलं. तू बोललीस ते बोलायला फार मोठी छाती लागते. मला सात वर्षं जमलं नाही.

पण तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा एक गोष्ट शोधत होतो. भाषणात तू आहेस, मी आहे, शिक्षिकाबाई आहेत, दोरीसुद्धा आहे. शिवणबाई कुठे आहे?

सही केली नाहीस, ठीक. पण मग फाईलचं काय केलंस? तू गृहखात्यात गेलीस, फाईल परिवहन खात्यात राहिली. "विचाराधीन" आहे म्हणे. तिला कामावरून काढलेलं नाही आणि कामावर घेतलेलंही नाही. आता तर ती फाटकापाशीही उभी राहत नाही, घरी शिवत बसते. तुझ्यासाठी सभागृह उभं राहिलं. तिच्यासाठी फाटकावरचा पहारेकरीही उठलेला नाही.

तुझ्याकडे आता पोलीस आहेत, सगळं राज्य आहे, आणि एका बाईला परत बसवर चढवता आलेलं नाही. मला हे बोलायचा हक्क कमी आहे, ठाऊक आहे. तरी मामा आहे, म्हणून बोललो.

मामा


२७ मे

ती. मामांना,

पत्र वाचलं. विसरले होते. खरंच विसरले होते, कसली सबब सांगू?

लगेच नव्या परिवहन मंत्र्यांना फोन केला. मीटिंगमध्ये आहेत. दुसऱ्या दिवशी, दौऱ्यावर आहेत. तिसऱ्या दिवशी त्यांचा सचिव म्हणाला, आपल्या निरोपाची नोंद घेतली आहे. तो शब्द ऐकला आणि उठले. गाड्या, पहारा, सगळं खाली ठेवलं आणि आज सकाळी दहाला त्यांच्या दालनाबाहेर बाकावर जाऊन बसले. आत चिठ्ठी पाठवली.

त्यांना मी आवडत नाही. गृहखात्याकडे डोळे लावून बसलेल्यांपैकी ते एक. दीड वाजेपर्यंत बसवून ठेवलं मला. येणारेजाणारे बघत होते, एकाने तर शिपायाला विचारलं, त्याच ना त्या? शेजारी एक पेन्शनवाले काका होते, म्हणाले, "तुमचं काय काम अडलंय?" मी म्हटलं, एका बाईचं काम आहे, माझ्यामुळे अडलंय. ते म्हणाले, "मग बसा, इथे बसल्याशिवाय होत नाही." ते तिथे सहाव्यांदा आले होते. माझ्या खात्यात अशी किती माणसं बाकावर बसत असतील, हे मी आजपर्यंत कुणाला विचारलं नव्हतं.

आत गेल्यावर मंत्री हसून म्हणाले, "ताई, एवढ्याशा गोष्टीसाठी तुम्ही स्वतः? पुढच्या भरतीत बघू की." मी म्हटलं, पुढच्या नाही, आत्ता, आणि अडीच महिन्यांचा खंड न धरता. फाईल शोधायला पाऊण तास गेला. त्यांनी सही केली. काकांकडून घेतलेला कागदही मी त्याच दमात पुढे सरकवला, मंत्री नको म्हणू शकले नाहीत.

हुकूम टपालाने पाठवू नका, म्हटलं, माझ्या हातात द्या. पहाऱ्यावरच्यांना गल्लीच्या तोंडाशी थांबवलं आणि चालत गेले. एका खोलीचं घर, दाराशीच मशीन, ती गणवेशाची बाही लहान करत होती, कुणाच्या तरी. थोरली मुलगी जमिनीवर कापड कातरत होती. मी मनात काय काय जुळवून नेलं होतं. माफी मागायची, दोरीचं समजावायचं, माझंही असंच झालं होतं म्हणायचं. कागद पुढे केला. एवढंच म्हणाले, "उशीर झाला. माझी चूक."

तिने कागद दोनदा वाचला. उठली नाही, रडली नाही, पाया तर मुळीच पडली नाही. दातांनी दोरा तोडला, बाही बाजूला ठेवली आणि सरळ माझ्याकडे बघून विचारलं, "उद्या माझी ड्युटी सकाळची का दुपारची?"

मामा, मला सांगता आलं नाही. हे पत्र माणसाबरोबर पाठवतेय, आजच डेपोत विचारा आणि स्वतः जाऊन तिला सांगा. मुलींना कुणाकडे सोडायचं ते तिला ठरवायचंय.

अर्धं तिकीट